दुसऱ्या दिव्याखाली

४ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतेय. कारण तुला माहीत आहे. फोन केला की दादा लगेच स्पीकर लावतो, आणि मग मी वहिनीशी बोलतेय की सभेत भाषण करतेय तेच कळत नाही. मागच्या खेपेला गुडघ्यांचं सांगायला तोंड उघडलं, तर त्याने कोमट पाणी आणि लवकर झोपणं असं काही लावून धरलं की शेवटी मी 'बरी आहे मी' म्हणून फोन ठेवला. तेव्हा आता पत्रं. तू तिथेच फोड, तिथेच वाच, आणि घरी गेल्यावर 'भिंगरी मजेत आहे' एवढंच सांग.

तर भिंगरी मजेत नाही. सांधे, गालांवरचे चट्टे, कंगव्यात येणारे केसांचे पुंजके, या सगळ्याची दोन वर्षांत सवय झाली होती. ल्युपस म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं, हे तूच मला पहिल्यांदा समजावलं होतंस. शरीराचे रखवालदार आपल्याच घरावर दगड मारतात. मारू देत, असं म्हणून मी गोळ्या घेत होते. पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एकदा कारखान्यातून निघून बसथांब्यावर उभी राहिले आणि कुठली बस घ्यायची तेच आठवेना. त्याच थांब्यावर मी इतकी वर्षं उभी राहतेय. एकामागून एक बस गेली. शेवटी चालत सुटले आणि पायांनीच घर शोधलं. दुसरं म्हणजे, बोलता बोलता शब्द हरवतात. परवा 'कात्री' सापडेना. म्हणजे शब्द सापडेना, कात्री हातातच होती.

हे सांध्यांच्या डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. मग प्रश्न सुरू. चिडचिड होते का, झोप लागते का, कोणी आपल्या मागे लागलंय असं वाटतं का. मी म्हटलं, हो, कारखान्याचे साहेब. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला असं कळलं: एक तर आजार डोक्यात शिरलाय, नाहीतर मध्यंतरी वाढवलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी डोकं फिरवलंय. पहिलं असेल तर औषध वाढवायचं, सलाईनमधून कडक औषध द्यायचं. दुसरं असेल तर गोळ्या कमी करायच्या. म्हणजे चुकलं तर बरोब्बर उलटं चुकणार. म्हणून त्यांना रक्तातल्या अँटिबॉडी तपासायच्या आहेत, आणि शक्य तर पाठीत सुई घालून कण्यातलं पाणीही. सुईचं नाव काढलं आणि मी पर्स उचलली.

तू दिवसभर हेच काम करतेस ना? मग मला सरळ सांग, आडवळणाने नको. त्या तपासण्यांत मी वेडी झालेय की नाही ते कळतं का?

कामावरही सुख नाही. मी काय करते ते तुला ठाऊक आहे. ग्राहकाने पाठवलेला कापडाचा तुकडा आणि आमच्या रंगखान्यातून आलेला तुकडा दिव्यांच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवायचे आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं. सध्या बसच्या सीटचं निळं कापड चाललंय. ते पेटीत जुळतं आणि खिडकीशी नेलं की चक्क जांभळट मारतं. मी म्हणते पेटीतला दिवा बदललाय. सगळे म्हणतात दिवा तोच आहे. त्या दिव्याखाली बसलं की गालही चुरचुरतात. हे सांगितल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच जांभळट मारतेय.

एकच गोष्ट बरी. माझ्या वरच्या मजल्यावर कोणीतरी व्हायोलिन शिकणारा राहायला आलाय. संध्याकाळी घरी येऊन पाय वर करून पडले की तो सुरू होतो. एकच धून. मधे एका जागी अडखळतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून. तोंड अजून दिसलं नाही त्याचं, माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. पण वैताग येत नाही गं, उलट मी वाट बघते.

तुझी
भिंगरी


११ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. दादाला सांगितलं, मजेत आहे. तो म्हणाला, बघ, कोमट पाणी.

बसथांब्याचं हसण्यावारी नेऊ नकोस. मी नेत नाहीये.

तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर, नाही. वेडी की शहाणी हे कुठल्याच तपासणीत कळत नाही, आणि तू वेडी नाहीसच. प्रश्न एवढाच की आजार मेंदूपर्यंत पोचलाय का. आमच्याकडे काय करतात ते ऐक, तुझ्या कामाशी त्याचं जवळचं नातं आहे. छोट्या छोट्या वाट्यांची एक पट्टी असते. वाटीच्या तळाला एक पदार्थ आधीच चिकटवलेला असतो, ज्याच्यावर ती अँटिबॉडी धावून जाते. त्यावर रक्तातलं पाणी घालायचं. अँटिबॉडी असेल तर ती तळाला घट्ट धरून बसते आणि शेवटी वाटी पिवळी होते. जितकी जास्त, तितकी गडद. म्हणजे आम्हीही रंगच बघतो, फक्त तुझ्यासारखा डोळा नाही म्हणून यंत्राला विचारतो. शिवाय प्रत्येक पट्टीत दोन खात्रीच्या वाट्या असतात. एकीत अँटिबॉडी आहे हे आधीच माहीत असतं, दुसरीत नाही हे माहीत असतं. त्या दोघी बरोबर बोलल्या तरच बाकीच्यांचं ऐकायचं.

आता यातली मेख. रक्तात ती सापडली म्हणून मेंदूत शिरलीच असं होत नाही. डोकं ठणठणीत असलेल्या कितीतरी ल्युपसवाल्यांच्या रक्तात ती असते. आणि नाही सापडली म्हणून निर्धास्त झोपावं असंही नाही. मेंदूभोवती एक भिंत असते, ती रक्तातलं सगळं आत येऊ देत नाही. कण्यातलं पाणी हे भिंतीच्या आतलं. तिथे सापडली तर वजन जास्त. तेही तिच्या एकटीच्या जिवावर नाही. तुला काय होतंय, स्कॅन काय म्हणतो, कुठला जंतुसंसर्ग तर नाही, हे सगळं एकत्र मांडून डॉक्टरबाई ठरवणार. म्हणून त्या सुईचं बोलतात. तुला पटवायला मी आत्ता बसत नाही.

रक्त मात्र देऊन टाक. तिकडचे नमुने आमच्याकडेच येतात. तुझं आलं तर मी पट्टीला हात लावणार नाही, आमच्या थोरल्या बाई लावतील.

त्या दिव्याचं मला नीट कळलं नाही. कोण बदलेल, आणि कशासाठी? दिव्याने गाल चुरचुरतात म्हणजे नक्की काय होतं? जरा सविस्तर लिही.

व्हायोलिनवाला मिळाला हे तुझं नशीब. माझ्या डोक्यावर जो राहतो तो रोज संध्याकाळी फर्निचर ओढतो. आज कपाट या भिंतीला, उद्या त्या भिंतीला. दादा म्हणतो, त्याला घर पसंत पडत नसेल. अदलाबदल करायची का?

तुझी
वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

रक्त दिलं. नर्सबाईंना शीर सापडेना, दोन्ही हातांची चाळण करून झाली. तुझ्या वाट्यांचं वाचून मात्र मन रमलं. ती पिवळी पट्टी एकदा मला बघू दे, यंत्राच्या आधी सांगेन कुठली किती गडद ते.

दिव्याचं विचारलंस, तर ऐक. निळ्या कापडाचा आणखी एक गठ्ठा मी नापास केला. साहेब आले, पेटीत बघितलं, म्हणाले, जुळतंय की. मी त्यांना खिडकीशी नेलं. म्हणाले, खिडकीशी कोण बघतं, नियम पेटीचा आहे. मी म्हटलं, पेटीतच खोट आहे. तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुमची तब्येत बरी नाही, थोडे दिवस घरी बसा. माझ्या जागी एक नवी मुलगी बसवलीय, ती सगळ्याला हो म्हणते.

घरी बसल्यापासून मला एकेक गोष्ट उलगडायला लागलीय. दिवा बदलला तो मला खोटं पाडायलाच. वायरमन माझ्याशी नजर मिळवत नव्हता. सगळेच सामील आहेत असं मी म्हणत नाही, पण साहेब आहेत. इतकी वर्षं माझ्या एका शब्दावर कापड दाराबाहेर जायचं, ते त्यांना सलत असणार. हे लिहिता लिहिता कितीदा तरी उठून दाराची कडी बघून आले. बसवत नाही, पडवत नाही, पाय थांबत नाहीत. दादाने भिंगरी नाव ठेवलं ते असं आता, या गुडघ्यांवर, सार्थ करतेय.

व्हायोलिनवाला हल्ली दुपारीही वाजवतो. बहुतेक त्यालाही घरी बसवलंय. अजून त्याच जागी अडखळतो. धून मला आता पाठ झालीय, मी बोटांनी ठेका धरते. तेवढीच सोबत आहे मला.

तुझी
भिंगरी


२८ मार्च

प्रिय भिंगरी,

रिपोर्ट डॉक्टरबाईंनी तुला दिलाच असेल. आमच्या थोरल्या बाईंनी पट्टी लावली, दुसऱ्या दिवशी दुसरीने पुन्हा लावली. दोघींनी एकमेकींना विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी तोवर शेजारच्या खोलीत बाटल्या पुसत होते, पुसलेल्याच पुन्हा. वाटी पिवळी आली. बऱ्यापैकी गडद.

याने काय सिद्ध होत नाही ते मी आधीच लिहिलंय. पण तुझं मागचं पत्र आणि ही वाटी शेजारी शेजारी ठेवली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. म्हणून एक गोष्ट केली, ती तुझ्यापासून लपवत नाही. मी डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. दिवा, गालांची चुरचूर, साहेबांचा कट, वायरमनची नजर, दाराची कडी, सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की आता कण्यातलं पाणी तपासायलाच हवं.

तुला राग येणार. येऊ दे. पण सुई करून घे. आजार आत शिरला असेल आणि आपण बाहेरच चर्चा करत बसलो, तर गेलेले शब्द, गेलेली वाट परत येईलच असं कोणी सांगू शकत नाही. मला भीती वाटते. इतकं सरळ मी तुझ्या दादालाही कधी सांगितलेलं नाही.

तुझी
वहिनी


५ एप्रिल

वहिनीबाई,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. पण आनंद इतका झालाय की तुला कळवल्याशिवाय राहवतही नाही.

दिवा बदललेला होता.

बस कंपनीने सगळं कापड परत पाठवलं. उन्हात सीट जांभळ्या दिसतात म्हणे. मग साहेबांनी पेटी उघडायला लावली. मूळची ट्यूब गेली होती, आणि वायरमनने ऑफिसातली साधी ट्यूब उचलून आत बसवली होती. ती नीट बसेना म्हणून वरचं झाकणच काढून ठेवलं होतं. ते झाकण ट्यूबमधले कातडी जाळणारे किरण अडवतं, म्हणून तर माझ्यासारख्या ल्युपसवालीचे गाल शाबूत राहतात. म्हणजे जांभळं खरं, चुरचूर खरी, आणि वायरमन नजर चुकवत होता तेही खरं, कारण त्याने न विचारता काम उरकलं होतं. कट नव्हता, ते मान्य करते. नुसता आळस होता. साहेब स्वतः घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि 'सोमवारपासून या' म्हणाले. माफीबिफी नाही. नकोच होती.

हे सगळं घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले. तुझ्या पत्रातलं बहुतेक सगळं गळून पडलं हे त्यांनाही मानावं लागलं. बसथांबा उरतो, शब्द उरतात, वाटी उरते, असं म्हणत होत्या. मी म्हटलं, ते गोळ्यांमुळे असेल. सुईला मी साफ नाही म्हटलं. शेवटी असं ठरलं की गोळ्या हळूहळू कमी करून बघायच्या, आणि मधे काही नवीन दिसलं तर सुई.

आणि तू. मी तुला विश्वासाने लिहिलं आणि तू त्याची लक्षणं केलीस. त्यापेक्षा दादाचा स्पीकर परवडला. वाईट वाटलं मला, खूप. आता शिक्षा म्हणून इथे ये, माझ्या हातचं खा, आणि संध्याकाळी व्हायोलिन ऐक. हल्ली तो पुष्कळ वेळ वाजवतो.

भिंगरी


९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

नाक घासते. पुन्हा घासायला शनिवारी येते, दादाला लॅबचं काम आहे असं सांगितलंय. तू खरी ठरलीस याचा मला तुझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय, पण ते तुला आत्ता पटायचं नाही. मऊ खुर्ची मला दे. इतक्या दिवसांत फर्निचरच्या खडखडाटाशिवाय काही ऐकलं नाही, तेव्हा तुझ्या व्हायोलिनवाल्याला म्हणावं, तयारीत राहा.

वहिनी


१४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

बसस्थानकावरच्या बाकावर बसून लिहितेय. तुझ्या दारात चपला घालताना जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नाही, आणि न सांगता गाडीत बसले तर मला घरी तोंड दाखवता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी आपण पाय वर करून बसलो होतो. तू साहेबांची नक्कल करत होतीस आणि मी हसून डोळे पुसत होते. मग तू हात वर केलास आणि म्हणालीस, "हं, आला बघ." मी कान दिले. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. तुझ्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. समोरच्या घरात भांडी लावत होते. तू खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरलास. एका जागी तुझं बोट थांबलं, आणि लहान मुलाच्या चुकीला हसावं तशी तू हसलीस. मग मला विचारलंस, "छान वाजवतो ना?"

मी म्हटलं, "हो."

भिंगरी, मला काहीही ऐकू येत नव्हतं.

आधी वाटलं, माझेच कान गेले. पण नळ तर ऐकू येत होता. सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी वर जाऊन आले. दाराला गंजलेलं कुलूप, कडीत जुनी जाहिरातीची पत्रकं खोचलेली, उंबऱ्यावर धूळ आणि धुळीत एकही पाऊल नाही. खाली राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, ती जागा रिकामीच आहे, भाडेकरू मिळत नाही म्हणून मालक वैतागलाय.

मी तुझ्याबद्दल डॉक्टरबाईंना पानभर लिहिलं आणि त्यात व्हायोलिनचा एक शब्द नव्हता. तू पहिल्याच पत्रात मला ते सांगितलं होतंस. प्रत्येक पत्रात सांगितलंस. पण ती चांगली बातमी होती, आणि चांगल्या बातमीला मी लक्षण कशी म्हणणार? उलट अदलाबदल करू म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तुझा दिवा खरा निघाला म्हणून आपण सगळे इतके खूश झालो की बाकीचं बघायचंच राहिलं.

माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. तू स्वतः तपास. कसं तपासायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण गोळ्या कमी होताहेत तसा तो जास्त वाजवतोय, एवढं डॉक्टरबाईंना सांग. या वेळी तुझ्या पाठीमागे मी काही कळवणार नाही. तू सांगायची वाट बघेन, आणि तू नाहीच सांगितलंस तर आधी तुला सांगून मग त्यांना सांगेन.

गाडी लागली.

तुझी
वहिनी


१८ एप्रिल

वहिनी,

दिव्याच्या वेळीही तुला काही दिसलं नव्हतं. कुलूप बाहेरून आहे म्हणजे आत माणूस नाही असं होत नाही, मागच्या जिन्यानेही लोक ये-जा करतात. तू एक संध्याकाळ बसलीस आणि निकाल देऊन मोकळी झालीस. माझ्या अंघोळीच्या वेळात माझ्या घराची झडती घेतलीस.

हे लिहितेय आणि तो वाजवतोय. लॅबच्या पत्त्यावर आता माझं पत्र येणार नाही.


२३ एप्रिल

प्रिय वहिनी,

आलं बघ पत्र.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी हट्टाला पेटले होते. मागचा जिना शोधायला खाली उतरलेही, बसत बसत, एकेक पायरी. मागे जिना नाहीच. भिंत आहे. तरी मनात आलं, आवाज तर येतोय ना, मग कुठून तरी येत असणारच.

मग मला माझंच काम आठवलं. पेटीत दोन तुकडे जुळले आणि शंका आली, तर आम्ही वाद घालत नाही, तुकडे दुसऱ्या दिव्याखाली नेतो. पण कानाला दुसरा दिवा कुठून आणायचा? स्वयंपाकघरात फिरत राहिले, कपाटं उघडली, बंद केली. गालांना मलम लावायचा कापूस हाताला लागला.

संध्याकाळी खिडकी उघडी टाकली, नळ मुद्दाम मोठा सोडला. ती माझी खात्रीची वाटी. रस्ता ऐकू येतोय, नळ ऐकू येतोय. मग तो सुरू झाला. मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट कोंबले आणि वरून तळवे दाबले. रस्ता गेला. नळ गेला. व्हायोलिन जसंच्या तसं राहिलं. तसूभरही कमी नाही. उलट जास्त स्वच्छ, कारण मधे नळ नव्हता. त्याच जागी अडखळला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्याकडे दोनदा लावतात ना पट्टी? मीही पुन्हा केलं. तेच.

कापूस हातात घेऊन बसून राहिले. भीती वाटली असं सगळ्यांना वाटेल. वाटलीच, पण आधी दुःख झालं. ज्याचं तोंड कधी बघितलं नाही तो माणूस माझ्या डोक्यावरच्या खोलीत मेल्यासारखं झालं. आणि मग नको नको ते प्रश्न. नळ तरी खरा का? तू खरंच आली होतीस का? तू विसरलेला रुमाल शोधून काढला तेव्हा जरा जीवात जीव आला.

डॉक्टरबाईंना मीच फोन केला. सगळं सांगितलं, कापसासकट. त्यांनी एकेक शब्द लिहून घेतला. मंगळवारी सुई आहे. तू ये. आणि दादाला सांग आता, पण त्याला म्हणावं, येताना कोमट पाणी आणू नकोस.

तुझी
भिंगरी


१६ मे

प्रिय भिंगरी,

तू अजून हॉस्पिटलात आहेस आणि मी रोज फोन करते, तरी हे लिहूनच द्यायचं ठरवलं. सुईच्या वेळी माझ्या बोटांची जी गत केलीस तिचे वळ अजून आहेत, त्यांनी लिहितेय.

कण्यातल्या पाण्याच्या वाट्या पिवळ्या आल्या. रक्तात होती ती तर सापडलीच, शिवाय मेंदूच्या पेशींवर जाणारी आणखी एक. दोघींनी लावली, दोन्ही दिवशी तेच. जंतुसंसर्ग नाही, स्कॅन जवळजवळ स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या की नुसत्या वाट्या असत्या तर अजूनही त्यांनी विचार केला असता. पण गोळ्या कमी केल्यावर व्हायोलिन वाढलं, आणि कापसाने कमी झालं नाही, हे त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना शब्दशः सांगितलं. आजार आतच आहे. म्हणून गोळ्या पुन्हा वाढवल्या आणि दर महिन्याचं सलाईन सुरू केलं. उलटी चूक होता होता राहिली. अजून थोडे दिवस आपण गोळ्या कमी करत राहिलो असतो तर काय झालं असतं, हे मी मनात आणत नाही, आणि तरी येतंच.

दादाला सगळं सांगितलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, ती फोनवर बरी आहे म्हणायची आणि मी ऐकायचो. तेव्हापासून त्याने फोनचा स्पीकर लावलेला नाही.

तुझी
वहिनी


३ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

खूप दिवसांनी पत्र. अक्षर बघ, किती सरळ येतंय. सलाईनच्या दिवशी जीव नको होतो, केसांचं तर विचारूच नकोस, पण 'कात्री' आहे, 'बसथांबा' आहे, आणि परवा न विचारता बरोबर बसमध्ये चढले. कारखान्यात अर्धा दिवस जाते. पेटीवर नवं झाकण आहे, आणि साहेबांनी हुकूम काढलाय की प्रत्येक गठ्ठा खिडकीशीही बघायचा. वायरमन माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवतो. मी अजून त्याच्याकडे संशयाने बघते, ती माझी जुनी खोड, आजार नव्हे.

व्हायोलिन हळूहळू गेलं. आधी दुपारचं थांबलं, मग एक दिवसाआड यायला लागलं. शेवटी शेवटी इतकं लांबून यायचं की मी श्वास रोखून बसायची. मग एका संध्याकाळी आलंच नाही. डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मी हसले, आणि घरी येऊन रडले. तुला म्हणून सांगते. ती धून मला अजून पाठ आहे आणि ती जगात कोणीच कधी वाजवलेली नाही. त्याला ती जागा एकदाही नीट जमली नाही. संध्याकाळी घर इतकं गप्प असायचं की मी उगाच नळ सोडून ठेवायची.

आता मुख्य बातमी. काल संध्याकाळी पाय वर करून पडले होते आणि वरून आवाज आला.

वहिनी गं! वाटलं, संपलं, परत सुरू. उठून बसले. मग कापूस शोधला, घाईघाईने बोळा वळला. कानांत कोंबला, तळवे दाबले.

आवाज कमी झाला.

काढला, वाढला. घातला, कमी झाला. कितीदा केलं असेल देव जाणे, वेड्यासारखी एकटीच हसत होते. मग काठी घेऊन वर गेले. दार सताड उघडं, कुलूप नाही. आत एक घामाघूम गृहस्थ एकटाच कपाट ओढत होता, या भिंतीकडून त्या भिंतीकडे. मला बघून ओशाळला, म्हणाला, आजच राहायला आलोय, त्रास होतोय का तुम्हाला?

मी म्हटलं, "नाही हो. ओढा तुम्ही."

आत्ताही ओढतोय. बहुतेक त्याला घर पसंत पडत नाहीये. दादाला सांग.

तुझी
भिंगरी